जाहीर आणि जाहिरात

गेल्या वर्षी आमच्या चौकातल्या रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं. काम सुरू होताच तिथे दोन फलक लागले. एक वीस फुटी फ्लेक्स. त्यावर मधोमध हात जोडून उभे असलेले एक भाऊ, वर गोलात वरिष्ठ नेते, खाली पासपोर्ट आकारातले चौदा शुभेच्छुक आणि भडक अक्षरांत 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. दुसरा फलक पत्र्याचा, पिवळा, जेमतेम कमरेइतका. त्यावर रकाने छापलेले होते: कामाचे नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण करण्याची मुदत, दोषदायित्व कालावधी. पाचही रकान्यांपुढची जागा कोरी. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, उत्तर मिळवलं, ते फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात एका कागदावर उतरवलं आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दूधवाल्याच्या परवानगीनं त्याच्या भिंतीवर चिकटवला. मग चौकात चर्चा रंगली. "सरांना रिटायर झाल्यावर पब्लिसिटी पाहिजे आता," असं दोघं-तिघं म्हणाले, आणि म्हणाले ते त्या वीस फुटी फ्लेक्सच्या सावलीत उभं राहून. सरांची बाजू घेणाऱ्यांनी उत्तर दिलं, "छे हो, सर प्रसिद्धीपराङ्मुख आहेत." मला या उत्तराचा जास्त राग आला. कारण त्यातून दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत असल्याचं दिसलं: प्रसिद्धी ही मुळातच ओशाळवाणी गोष्ट आहे, प्रश्न फक्त सरांना ती हवी होती की नव्हती एवढाच.

हा वादच चुकीच्या जागी चालला आहे, असं माझं म्हणणं आहे. पब्लिसिटी या एका शब्दाच्या पोत्यात आपण एकमेकांच्या उलट असलेल्या दोन गोष्टी कोंबल्या आहेत. सर्वांशी संबंध असलेली गोष्ट सर्वांसमोर मांडणं ही एक, आणि स्वतःला सर्वांसमोर मांडणं ही दुसरी. पहिलीला मी जाहीर करणं म्हणतो, दुसरीला जाहिरात. दोन्हींत फरक करायला करणाऱ्याच्या मनात शिरावं लागत नाही. एकच गोष्ट पाहायची: मांडलेल्या मजकुरावर हरकत घ्यायला जागा ठेवली आहे का? सरांच्या कागदावर रक्कम होती, ठेकेदाराचं नाव होतं, तारीख होती. यांतलं काहीही खोटं ठरवता येत होतं. 'विशेष प्रयत्न' खोटे कसे ठरवायचे?

मराठीला या बाबतीत शब्दांची वाण कधीच नव्हती. दवंडी, डांगोरा, टिमकी, बोभाटा, गवगवा, गाजावाजा, उदोउदो; प्रत्येकाचा आवाज वेगळा. दवंडी पिटणारा निरोप्या असतो. 'ऐका हो ऐका'नंतर येतो तो गावच्या कामाचा मजकूर, दवंडीवाल्याचं कौतुक नव्हे. टिमकी स्वतःची वाजवायची असते. बोभाटा होतो, आणि ज्याचा होतो त्याला तो नकोच असतो. चव्हाटा तर चार वाटा मिळतात ती जागा. कोकणातल्या गावांत चव्हाट्याला देवाचा मान आहे, तिथे गाऱ्हाणं घातलं जातं. 'चव्हाट्यावर आणणं' या वाक्प्रचाराला मात्र आपण बदनामीचा वास चिकटवला, जणू चार वाटांवर उभं राहून बोलणं म्हणजेच काहीतरी बेअब्रूचं. आणि 'प्रसिद्ध' हा शब्द तर एकाच वेळी दोन्ही घरचा पाहुणा. लेख प्रसिद्ध होतो आणि लेखकही प्रसिद्ध होतो. बहुतेकांच्या बाबतीत फक्त लेखच होतो, हे स्वानुभवावरून सांगतो.

'जाहीर' आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. जाहीर म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारं. त्याचा जोडशत्रू बातिन, म्हणजे आतलं, झाकलेलं. 'जाहिरात' हा त्याच घरातला शब्द, नुसत्या जाहीर करण्याच्या कामातून निघून पुढे माल खपवण्याच्या धंद्यात गेलेला. १ नोव्हेंबर १८५८चा राणीचा जाहीरनामा ते आजच्या निवडणुकीतले जाहीरनामे हा प्रवासही बोलका आहे, पण तो सोडून देऊ. या कुळातला सर्वांत प्रामाणिक शब्द शोधायचा असेल तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, मुंजीच्या हॉलच्या आणि मूळव्याधीच्या जाहिरातींच्या शेजारी तो सापडतो: जाहीर नोटीस. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून, सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, वारसा, पोटगी वगैरे हक्क असल्यास चौदा दिवसांचे आत कागदोपत्री पुराव्यानिशी निम्नस्वाक्षरीकारांकडे हरकत नोंदवावी.' मराठी म्हणून ही भाषा भयंकर आहे. पण तिच्यातला विचार पाहा. मी एक गोष्ट करायला निघालो आहे, ती तुमच्या हक्काआड येत असेल, म्हणून आधी सांगतो. येत असेल तर अडवा. तलाठ्याकडचा फेरफारही असाच चालतो. नोंद धरली की तिची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीची मुदत जाऊ द्यायची, मगच ती मंजूर. म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या पोटात प्रसिद्धीचं एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे. फक्त त्याला कोणी तत्त्वज्ञान म्हणत नाही.

युरोपात या शब्दाची गत काही वेगळी झाली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंथॅम या इंग्रज विचारवंतानं पब्लिसिटीला न्यायाचा आत्मा म्हटलं, तेव्हा त्याच्या मनात पोस्टर नव्हतं. न्यायालयाचं उघडं दार होतं. न्यायाधीश खटला चालवत असताना स्वतःही लोकांच्या नजरेखाली खटल्यात असतो, असा त्याचा मुद्दा. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९५ साली याच शब्दावर एक कसोटी बांधली: दुसऱ्याच्या हक्कांना स्पर्श करणारं जे कृत्य त्यामागचं धोरण जाहीर करताच पार पडूच शकत नाही, ते अन्यायाचं. आज फ्रेंच भाषेत हाच शब्द साबणाच्या जाहिरातीला वापरतात. आणि गंमत म्हणजे तिथल्या कायद्याच्या भाषेत 'सुनावणीची पब्लिसिते' म्हणजे अजूनही सुनावणी उघड्या न्यायालयात होणं. एकाच शब्दाची एक मुलगी न्यायालयात आणि दुसरी दुकानात. रशियनांचा 'ग्लासनोस्त', म्हणजे उघडेपणा, हा शब्द आपल्याला सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यामुळे ठाऊक झाला. पण त्याच्या वीस वर्षं आधी, ५ डिसेंबर १९६५ला, मॉस्कोच्या पुश्किन चौकात मूठभर लोक 'दोन लेखकांवरच्या खटल्याला ग्लासनोस्त द्या' असा फलक घेऊन उभे होते. काही मिनिटांत फलक हिसकावले गेले. ते लोक प्रसिद्धी मागत होते. स्वतःची नव्हे, खटल्याची.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते बरंच आहे. स्टंट असतात. एका घोंगडीला आठ हात लागलेले फोटो आपण सर्वांनी पाहिलेत. घोंगडी घेणारा म्हातारा त्यांत कुठेतरी कोपऱ्यात, आणि त्याची नजर कॅमेऱ्याकडे वळवलेली. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या छबीचे स्टिकर चिकटवलेले निघाले, तेव्हा महाराष्ट्राला आलेली शिसारी अगदी योग्य होती. न्यायालयंही या प्रकाराला विटली आहेत. २००४च्या अखेरीस महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की जनहित याचिका, म्हणजे 'पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन', ही 'पब्लिसिटी इंटरेस्ट लिटिगेशन' होऊ नये, आणि पुढे जाऊन 'पैसे इन्कम लिटिगेशन'ही होऊ नये. त्या प्रकरणातले आरोप पाहता हा टोला वाजवी होता. शिवाय आपल्याकडे गुप्तदानाचा मोठा संस्कार आहे. या हाताचं त्या हाताला कळू नये, हे आजीनं शिकवलेलं असतं, आणि ती चूक नसते.

पण गुप्तदान हे दानाचं शील आहे. ते हक्काच्या गोष्टीला लावलं की विष होतं. दान माझ्या खिशातून जातं, म्हणून मी ते झाकलं तर घेणाऱ्याची अब्रू राहते. रस्ता, धान्य, पाणी, न्याय कुणाच्या खिशातून जात नाहीत. तिथे 'शांतपणे करा, बोभाटा कशाला' हा सल्ला नम्रतेचा वाटला तरी फायदा नेहमी एकाच बाजूचा करतो. ज्याच्या हातात आधीच सगळं आहे त्याचा.

महाडचं उदाहरण घ्या. सार्वजनिक पैशानं बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ला संमत झाला. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४मध्ये त्याला अनुसरून आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं रीतसर प्रसिद्ध होतं. तीन वर्षं त्या तळ्याच्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह गावातून चालत चवदार तळ्यावर गेले, ते भर दिवसा. फक्त पाणीच हवं असतं तर ते रात्री, गुपचूप, एकेकट्यानं ओंजळीत घेता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, कुणाचं डोकं फुटलं नसतं. पण रात्री प्यायलेलं पाणी हा हक्क होत नाही, ती चोरी राहते. इथे 'सर्वांसमोर' हा कृतीला लावलेला झगमगाट नव्हता, तीच कृती होती. आणि मग हरकत आली, भरपूर आली. परतणाऱ्या माणसांवर लाठ्या आल्या, तळ्याचं शुद्धीकरण झालं, ऑगस्ट १९२७मध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला, दिवाणी दावा लागला. तळं सवर्णांच्या खासगी हक्काचं नाही, हे मुंबई उच्च न्यायालयात ठरायला मार्च १९३७ उजाडलं. नोटिशीला आलेल्या हरकतीची सुनावणी दहा वर्षं चालली असं म्हणू, आणि हरकत घेणारे हरले.

यावर कोणी म्हणेल, महाड सोडा, ते महापुरुष. हेतूबद्दल शंका नाही तिथे काय बोलायचं? म्हणून हेतूबद्दल उघड शंका घेता येईल असं उदाहरण घेतो. गांधीजींना प्रसिद्धीचं अंग नव्हतं असं त्यांचा भक्तही म्हणणार नाही. मीठ हा विषय, पायी प्रवास, समुद्रकिनारा, दोनशेचाळीस मैलांत रोज एक मुक्काम आणि रोज एक बातमी. आजच्या कुठल्याही इव्हेंटवाल्यानं हेवा करावा अशी मांडणी. तरीही तो स्टंट ठरत नाही, आणि कारण त्यांच्या अंतःकरणात शोधावं लागत नाही. २ मार्च १९३०ला त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून काय करणार ते कळवलं. सोबतच्या ७८ जणांची नावं छापली, वाटही सांगून ठेवली. ज्याला अडवायचं आहे त्याला पत्ता, तारीख, माणसं, सगळं हातात दिलं. ही जाहीर नोटीसच होती. त्याच वर्षी शिरोड्याच्या मिठागरांत शिरलेल्या आपल्याकडच्या सत्याग्रहींनीही पोलिसांची नजर चुकवली नाही. नजरेसमोर मीठ उचललं आणि डोकी पुढे केली. स्टंटवाला असा धोका पत्करत नाही. त्याचा फोटो काढणारा त्याच्याच माणसांपैकी असतो.

'पण उघडेपणानं माणसं उद्ध्वस्त होतात' हा दुसरा आक्षेप पहिल्याहून वजनदार आहे. टीव्हीवर चाललेले खटले आपण पाहतो. पोलीस कोठडीच्या दाराशी बुरखा घालून उभे केलेले आरोपी, ज्यांच्यातला एखादा पुढे निर्दोष सुटतो आणि त्या बातमीला चार ओळीही मिळत नाहीत. जाहीर करण्याचा कैवार घेणाऱ्यानं याचं उत्तर दिलंच पाहिजे, आणि ते उत्तर आपल्याच भूमीत घडलं आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर एका पोलिसानं बलात्कार आणि दुसऱ्यानं विनयभंग केल्याचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती असावी अशा तर्कानं. प्रकरण तिथे संपलं असतं. पण उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि ते खुलं लिहिलं. बंद पाकिटात गेलं असतं तर पोच आली असती, बस. खुलं असल्यामुळे मोर्चे निघाले, स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आता त्या बदलात काय होतं ते पाहा. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा होती. आणि त्याच दुरुस्तीनं पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा ठरवला, अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड घ्यायचं ठरवलं. प्रसिद्धीच्या जोरावर आलेल्या कायद्यानं प्रसिद्धीवर बंदी घातली! यात विसंगती दिसते ती दोन गोष्टी एका पोत्यात असतात म्हणून. निकाल सगळ्यांचा होता, तो चव्हाट्यावर यायलाच हवा होता. त्या मुलीचं नाव तिचं एकटीचं होतं.

म्हणजे प्रश्न 'उघड की झाकलेलं' असा नाही, काय उघड आणि काय झाकलेलं असा आहे. आणि तो दर वेळी नव्यानं भांडावा लागतो. मुंबईतल्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदारानं, माझी साक्ष छापून आल्यानं धंद्याला फटका बसतो, अशी तक्रार केली. न्यायमूर्तींनी, साक्ष उघड्या न्यायालयात चालू ठेवून, ती छापायला तोंडी मनाई केली. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा वार्ताहर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. वार्ताहर मिरजकर, मनाई करणारे न्यायमूर्ती तारकुंडे, निकाल लिहिणारे सरन्यायाधीश साताऱ्याचे गजेंद्रगडकर, सोबत मुधोळकर. नऊ न्यायाधीशांचा तो १९६६चा निकाल वाचताना एखाद्या पुणेरी लग्नाची निमंत्रणपत्रिका वाचल्यासारखं वाटतं. उघडी सुनावणी हाच नियम, असं निकालात ठासून सांगितलं आणि मनाई मात्र आठ विरुद्ध एक अशी टिकवली. तो एक, हिदायतुल्ला, मला बरोबर वाटतो. धंद्याला फटका ही झाकायच्या गोष्टींच्या यादीत बसणारी बाब नव्हती. पुढे आणीबाणीच्या काळात नागरी हक्कांसाठी सर्वांत आधी उभे राहिलेल्यांत तारकुंडे होते, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. २७ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांच्या सुनावण्या थेट दिसू लागल्या, आणि पहिल्याच दिवशी दिसलेल्यांत शिवसेनेचा वाद होता, तेव्हा एसटी स्टँडवर मोबाइल धरून बसलेल्या माणसांनी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीवर, म्हणजे पक्षांतरबंदीवर, हुज्जत घालताना मी ऐकलं. त्यांतली निम्मी हुज्जत चुकीची होती. पण बेंथॅम खुश झाला असता. पुढे त्याच सुनावण्यांच्या तीस सेकंदांच्या, खाली ढोल वाजणाऱ्या चित्रफिती फिरू लागल्या, ही याच गोष्टीची दुसरी बाजू. जाहीर झालेल्या वस्तूची जाहिरात बनवायला वेळ लागत नाही.

राहिला सरकारी प्रसिद्धीचा मुद्दा. तिथे 'सगळा पैशाचा चुराडा' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. सरकारनं सांगितलंच पाहिजे. योजना असते आणि ज्याच्यासाठी आहे त्याला ती माहीत नसते, हे आपल्या तालुक्या-तालुक्यातलं दुखणं आहे. पल्स पोलिओच्या प्रसिद्धीवर झालेला खर्च मला एका पैनंही जड वाटत नाही. त्या पोस्टरवर काय असे? तारीख, रविवार, वय पाच वर्षांच्या आत, जवळचं केंद्र, दोन थेंब. चेहराही होता, अमिताभ बच्चन यांचा. पण तो बोलवायला होता, श्रेय घ्यायला नव्हता. आई बाळाला घेऊन गेली आणि केंद्र बंद निघालं तर ते पोस्टर हातात धरून जाब विचारता येत होता. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला नोंदला गेला.

आता याच्याशेजारी आजची पानभर सरकारी जाहिरात ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०१५ला सांगितलं होतं की सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कुणाचं छायाचित्र नको. राज्यं आणि केंद्र फेरविचारासाठी धावली. मार्च २०१६मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही परवानगी मिळाली. मुख्यमंत्र्यांचा चेहरा लोकांना कळला पाहिजे हा युक्तिवाद मला समजतो, पण तो त्यांना आधीच कळलेला असतो. न कळलेली गोष्ट म्हणजे अर्ज नामंजूर झाला तर अपील कुणाकडे, कार्यालयाचा फोन किती वाजता उचलतात, निधीतले किती खर्च झाले. ही पानभर जाहिरातीत नसते. २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्यानं पन्नास हजार 'मुख्यमंत्री योजनादूत' महिना दहा हजार रुपये मानधनावर नेमायचं ठरवलं. योजना घरोघर पोचवणं या कामाला माझा विरोध नाही. नावात 'मुख्यमंत्री' कशाला, आणि तक्रार परत आणणारा दूत त्यांत कुठे, एवढे दोनच प्रश्न आहेत. दवंडीवाला गावातून परत आला की पाटलाला गावाचं म्हणणंही सांगत असे.

खरं तर सरकारनं काय प्रसिद्ध करावं याचा कायदा होऊन आता वीस वर्षं झाली. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५चा. महाराष्ट्रानं आपला त्याआधीच, २००२ साली केला होता, अण्णा हजारे यांच्या उपोषणांच्या रेट्यानं. केंद्राच्या कायद्यातलं चौथं कलम म्हणतं की कार्यालयानं कुणी मागण्याची वाट न पाहता आपलं अंदाजपत्रक, निर्णयांची पद्धत, अनुदान मिळालेल्यांच्या याद्या स्वतः होऊन मांडाव्यात, ते लोकांना सहज कळेल अशा रीतीनं. अर्ज करून माहिती मिळवणं हा त्या कायद्यातला नाइलाजाचा मार्ग आहे. मूळ अपेक्षा ही की अर्ज करावाच लागू नये. राजस्थानात या कायद्याची बीजं पडली ती कागदावर नव्हे. डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई भरवली आणि कामांचे हजेरीपट मोठ्यानं वाचून दाखवले. आपल्याकडच्या चावडीवाचनाचाच हा प्रकार. नाव वाचलं की समोर बसलेल्यांतून कुणीतरी उठून सांगायचं, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. नुसतं वाचून दाखवल्यानं एवढं होतं, मग ते वाचू न देण्यासाठी माणसं किती धडपडतात याचं आश्चर्य कशाला?

आणि फ्लेक्स? त्यांच्याविषयी नवीन काही लिहिण्यासारखं नाही. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडानगरातल्या पेट्रोल पंपावर एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होर्डिंग कोसळून सतरा माणसं मेली. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा चाळीस बाय चाळीस. त्या होर्डिंगचा आकार मैलभरावरून दिसत होता. त्याला परवानगी कुणी, कशी दिली हे मात्र माणसं मेल्यावर दिसायला लागलं. जाहिरात चौदा हजार चौरस फुटांची, आणि जाहीर काहीच नाही.

म्हणून सरांना पब्लिसिटी हवी होती का, या प्रश्नाचं माझं उत्तर: असेल. चौकात चार माणसांनी 'सर, छान केलंत' म्हणावं असं कुणाला वाटत नाही? प्रसिद्धीपराङ्मुख हा शब्द मला मृत्युलेखांपुरता ठीक वाटतो, तिथे कुणी हरकत घेत नाही. जिवंत माणसाला थोडी हौस असते. हौस आहे म्हणून ठेकेदाराचं नाव चुकीचं ठरत नाही आणि रक्कम कमी होत नाही.

तो कागद चार दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बॉलपेननं 'काम पूर्ण' या ओळीपुढे लिहिलं, 'गटाराचं झाकण बाकी आहे'. तिसऱ्या दिवशी खाली वेगळ्या अक्षरात आलं, 'शनिमंदिराकडचं बसवलंय, शाळेकडचं नाही'. सरांनी जाऊन पाहिलं, आणि आपल्या कागदावर लाल पेननं दुरुस्ती केली. पाचव्या दिवशी त्या भिंतीवर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, कागदाच्या बरोबर वरून. दूधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही. खालचा कागद आहे तसाच आहे, वाचायचा असेल तर कोपरा उचलून बघा."